माफ केलेली मुलगी

“चोरी झालीय आणि चोरही सापडलाय,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण मला तो चोर पटत नाही. म्हणून आले.”

त्या अजून खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या. बालगृहाच्या त्या अधीक्षिका. आईबाप नसलेली तिथली सगळी लेकरं त्यांना मोठ्या बाई म्हणत आणि ऐकून ऐकून आता सगळं गावही तेच म्हणे.

बोलताना त्या पाहत होत्या डॉक्टरांकडे. सगळेच आधी डॉक्टरांकडे पाहत. पोट सुटलेला, चष्म्यावरून बघणारा पुरुष खोलीत असला की खासगी तपासनीस तोच, असं लोक धरून चालत. डॉक्टर होते दाताचे, तेही निवृत्त. तपासाचा धंदा त्यांच्या थोरल्या भावाचा. भाऊ गेला तेव्हा आता दारावरची पाटी उतरणार, असं सगळ्यांना वाटलं. वहिनींनी ती काढली, स्वच्छ पुसली आणि पुन्हा लावली.

“मी नाही, त्या,” डॉक्टर सवयीनं म्हणाले आणि टेबलापलीकडे बोट दाखवलं.

वहिनींनी हातातलं विणकाम बाजूला ठेवलं. “सुरुवातीपासून सांगा. घाई करू नका.”

बाईंनी सांगितलं ते असं. दुसऱ्या दिवशी बालगृहात विक्री होती. वर्षभर मुलं हातानं दागिने बनवत: मण्यांच्या माळा, तारेची कर्णफुलं, ओतून घट्ट होणाऱ्या रेझिनची पदकं. त्या विक्रीवर मुलांची औषधं, चपला, शाळेचा खर्च निघे. यंदा बालगृहाच्या अध्यक्षांच्या पत्नीनं भर सभेत उभं राहून जाहीर केलं होतं, की आपल्या आईची हिऱ्याची अंगठी विक्रीतल्या लिलावाला देणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षसाहेबांनीही वाजवल्या.

“आज दुपारी सराफ येऊन अंगठी पारखणार होते. बाईसाहेबांनी सगळ्यांसमोर ती डबीत ठेवली, डबी कामाच्या खोलीतल्या टेबलावर. मग आम्ही चहाला जेवणघरात गेलो. मागे राहिली आमची चिमणी. तिला रेझिन ओतायचं होतं. काम उरकून ती खोलीला कुलूप लावून आली आणि किल्ली माझ्या हातात दिली. सराफ आले, आम्ही सगळे मिळून गेलो, त्यांनी डबी उघडली. रिकामी.”

“झडती घेतली?”

“बाईसाहेबांनी तिथल्या तिथे घ्यायला लावली. फार कडक बाई आहेत. बायकांची मी घेतली, पुरुषांची पहारेकऱ्यानं. खोलीही उलथीपालथी केली. काही नाही. मग साहेब जेवणघरात आले, सगळ्या मुलांसमोर चिमणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘बाळ, मी तुला माफ केलं. पोलीस नकोत.’”

“मग मोठ्या मनाचेच म्हणायचे,” डॉक्टर म्हणाले.

“हो ना. पण त्यानं झालं काय? चिमणी आता अठराची झालीय, तिला सोमवारी बालगृह सोडावं लागणार. सराफ तिला कारखान्यात घेणार होते, राहायलाही तिथेच. ते आता म्हणतात, माफ केलेली असली तरी चोरच ना.” बाई खुर्चीतून पुढे सरकल्या. “पोरगी दुधाच्या दातांची होती तेव्हापासून माझ्याकडे आहे. तिनं नाही घेतली हो.”

वहिनी उठल्या. “भावोजी, गाडी काढा.”

*

कामाची खोली लांबट होती. दोन खिडक्या अंगणाकडे, अंगणात पोरांचा गलका. टेबलावर पक्कडी, तारेची भेंडोळी, मण्यांनी भरलेल्या वाट्या. एका टोकाला उथळ ट्रे आणि त्यावर उंच झाकण. हस्तकलेच्या शिक्षिकेनं ते उचललं. सगळे त्यांना कलाताई म्हणत. बाई अंगानं काटकुळी, जिभेनं धारदार.

साच्यांमध्ये गडद निळी पदकं ओळीनं बसली होती. चांगली जाडजूड, हाताच्या मुठीत मावतील एवढी. आरपार काही दिसत नव्हतं.

डॉक्टरांचे डोळे चमकले. “अरे, हे तर आमच्या कवळीच्या मसाल्याचं भावंड! जाड नग दिसतोय. एकदम ओतत नसाल?”

“नाही. तापून तडे जातात. सकाळी खालचा थर, दुपारी वरचा. उद्या सकाळपर्यंत दगड होईल.”

“बघा वहिनी, मी म्हटलं ना!” डॉक्टर खूश झाले. वहिनी मात्र एका पदकाकडे वाकून पाहत होत्या. बाकी सगळ्या साच्यांत निळा थर काठाच्या किंचित खाली होता. या एका साच्यातून तो उतू जाऊन ट्रेवर ओघळला होता.

“बघताय तेच,” कलाताई म्हणाल्या. “या मुलीच्या हातून एरवी थेंब सांडत नाही. आज सांडला. का? हात थरथरत होता. मनात पाप असलं की हात थरथरतो.”

“या खराब पदकाचं काय करणार?”

“फसलेले नग लहान मुलांना खेळायला देतो. हेही सुकलं की त्यांच्या टोपलीत टाका, असं मी सांगून ठेवलंय.”

“चहाच्या वेळी तुम्ही जेवणघरातून उठला होतात?”

कलाताईंनी मान ताठ केली. “बिस्किटं संपली म्हणून कोठारात गेले होते. कोठार या खोलीच्या पुढेच आहे. खोलीचं दार उघडं होतं. मी आत डोकावले नाही. व्हरांड्यात साहेब होते, माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलत होते. आणि तुम्हाला कुणीतरी सांगेलच म्हणून मीच सांगते: सराफांकडच्या जागेसाठी मी माझ्या भाचीचं नाव सुचवलं होतं. त्यांनी चिमणीला निवडलं. म्हणून काय मी चोर झाले?”

“कुणी म्हटलं नाही तसं,” वहिनी शांतपणे म्हणाल्या.

बाहेर पडल्यावर डॉक्टर कुजबुजले, “वहिनी, हीच. मत्सर आहे नुसता.”

*

चिमणी अंगणातल्या नळापाशी वाट्या विसळत होती. किरकोळ अंगाची, पण मनगटं घट्ट. डोळे कोरडे होते.

“ओतून झाल्यावर काय केलंस?” वहिनींनी विचारलं.

“हात चिकट झाले होते. इथे येऊन साबणानं घासले. पटकन निघत नाही ते. मग आत जाऊन झाकण ठेवलं, कुलूप लावलं आणि चहाला गेले.”

“हात धुवायला आलीस तेव्हा कुलूप लावलं होतंस?”

“तेवढ्यासाठी कुठे लावायचं?”

“साचे किती भरतेस?”

“काठाच्या जरा खाली. मग कड नीट येते.”

“आणि ते एक सांडलं ते?”

चिमणीचा हात थांबला. “झाकण ठेवताना दिसलं. मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं. पण ओतताना तर सगळी सारखी भरली होती.”

“तू घेतली नाहीस, असं सांगितलंस का कुणाला?”

“सांगितलं. तर म्हणतात, अगं, आता कशाला बोलतेस, माफ केलंय ना.” तिनं वाटी पालथी घातली. “आरोप केला असता तर भांडता आलं असतं. माफीशी कसं भांडायचं?”

 डॉक्टरांनी उगाच चष्मा पुसला.

*

विक्रीच्या दालनात अध्यक्षांच्या पत्नी टेबलांवर कापड अंथरत होत्या. उजव्या हाताच्या बोटावर अंगठीचा फिकट वळ होता.

“माझ्या आईची होती,” त्या म्हणाल्या. “आई गेल्यापासून बोटातून काढली नाही मी. हौसेनं नुसती मिरवायची म्हणून नाही हो, घरकाम सगळं तिच्यासकट. त्यामुळे अलीकडे हिऱ्यावर चरेसुद्धा पडले होते. यांना किती वेळा म्हटलं, जरा झिलई करून आणा. पण यांना वेळ कुठे!”

“बोटातून कधीच काढली नाही?”

“एकदा. धाकट्याच्या वेळी बोटं सुजली, तेव्हा ती मोठी करायला दिली होती. हेच घेऊन गेले होते परगावी.”

“एवढी जिवापाड जपलेली वस्तू, मग देऊन का टाकता?”

बाईंनी कापडाची सुरकुती सरळ केली. “आईसुद्धा अशाच एका घरात वाढली होती. यांना आधी विचारलं नाही मी. विचारलं असतं तर नको म्हणाले असते. म्हणून थेट सभेतच बोलून टाकलं.”

सराफ दालनाच्या कोपऱ्यात तराजू पुसत बसले होते. ते वैतागलेले होते. “डबी मी उघडली, ती रिकामी निघाली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीच म्हटलं, आधी माझी झडती घ्या.”

“अंगठी तुम्ही आधी कधी पाहिली होती?”

“नाही. साहेबांच्या घरचं काम माझ्याकडे येत नाही. उद्या प्रमाणपत्र द्यायचं म्हणून भिंग घेऊन आलो होतो, तर हे निघालं.”

अध्यक्ष दारातच भेटले. भारदस्त माणूस, आवाज मऊ. “कशाला हा तपास? एका पोरीचं आयुष्य आहे. मी विषय संपवलाय.”

“तक्रारच नाही म्हणजे विमाही मिळायचा नाही,” वहिनी म्हणाल्या.

“जाऊ द्या हो. वस्तू काय, येते जाते.” ते निघता निघता मोठ्या बाईंकडे वळले. “बाई, ती निळी पदकं सगळी माझ्यासाठी ठेवायची आहेत बरं का. कचेरीतल्या मुलींना देईन.”

“त्यातलं एक फसलंय, साहेब.”

“तेही द्या. मुलांच्या हातचं आहे, त्यात काय फसलेलं आणि काय चांगलं!”

मोठ्या बाईंनी कृतज्ञतेनं मान हलवली. वहिनी तिथे फार थांबल्या नाहीत. जाताना त्यांनी एवढंच सांगितलं, की पदकं आज साच्यातून काढायची नाहीत, खोलीला कुलूप राहू दे आणि किल्ली त्या स्वतः नेतील.

गाडीत डॉक्टरांनी आपलं अनुमान मांडलं. कलाताईंनी कोठाराकडे जाताना अंगठी उचलली, बिस्किटांच्या डब्यात टाकली आणि मग ती कुठेतरी गेली.

“कुठे?”

“तेवढंच अडतंय,” डॉक्टरांनी कबूल केलं.

“भावोजी, तुमची ती कवळी कापायची बारीक करवत अजून आहे का?”

“आहे की. का?”

“उद्या बरोबर घ्या.”

*

सकाळी विक्रीचं दार उघडायला अजून अवकाश होता. कामाच्या खोलीत सगळे जमले: अध्यक्ष, त्यांच्या पत्नी, कलाताई, सराफ, मोठ्या बाई. चिमणी खिडकीपाशी उभी होती, इतरांपासून जरा लांब. डॉक्टर करवतीची पिशवी पोटाशी धरून बसले होते. ती कशासाठी आणली, हे त्यांना अजून कळलं नव्हतं.

“अंगठी या खोलीतून बाहेर गेलेलीच नाही,” वहिनींनी सुरुवात केली. “झडतीत कुणाकडे सापडली नाही. खिडकीतून फेकावी तर अंगणात पोरं. मग ती इथेच असणार, फक्त आपल्याला दिसत नाही अशा जागी.”

“आम्ही कोपरान् कोपरा पाहिला,” कलाताई म्हणाल्या.

“पाहिलात. आणि खूण दिसली तेव्हा तिचा अर्थ उलटा लावलात.” वहिनींनी झाकण उचललं. “हे सांडलेलं पदक. चिमणी साचे काठाच्या खाली भरते. बाकी सगळे तसेच आहेत. मग हा एकच का उतू गेला? काठोकाठ आलेल्या पेल्यात चमचा टाकला तर काय होतं, भावोजी?”

“सांडतं,” डॉक्टर म्हणाले. आणि मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं. “म्हणजे... अंगठी आत?”

“ओतून झाल्यावर कुणीतरी ती आत टाकली. खाली सकाळचा घट्ट थर होता, त्यामुळे तळाला जाऊन दिसायची भीती नाही. वरून निळा पडदा. कापा.”

डॉक्टरांनी पदक साच्यातून काढून टेबलाच्या कडेला बसवलेल्या शिकंज्यात घट्ट धरलं. करवतीची बारीक किरकिर सुरू झाली. निळी भुकटी टेबलावर पडत गेली.  मग करवत एकदम अडली, धातूवर घासल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी फटीत पातं घालून पिळलं, तसे पदकाचे दोन तुकडे झाले. एका तुकड्यातून सोन्याची कड बाहेर डोकावत होती.

“आई गं,” अध्यक्षांच्या पत्नी पुटपुटल्या.

“बघा, म्हणजे या मुलीनंच,” सराफ म्हणाले. “रेझिन तीच ओतत होती.”

“म्हणूनच ती नव्हे,” वहिनी म्हणाल्या. “तिला लपवायची असती तर तिनं आधी अंगठी ठेवली असती आणि वरून बेतानं ओतलं असतं. एक थेंब सांडला नसता. सांडलं, कारण टाकणाऱ्याला भरलेला साचाच मिळाला. म्हणजे चिमणी नळावर हात धूत होती तेवढा वेळ. त्यानंतर झाकण, कुलूप आणि किल्ली बाईंकडे. सराफ तेव्हा आलेच नव्हते. बाईसाहेब आणि मोठ्या बाई मुलांमध्ये बसल्या होत्या. व्हरांड्यात दोघंच होते.”

कलाताई पांढऱ्या पडल्या. डॉक्टरांनी विजयी मुद्रेनं त्यांच्याकडे पाहिलं.

“कलाताई आयुष्यभर हेच शिकवत आल्या आहेत,” वहिनी पुढे म्हणाल्या. “त्यांनी टाकली असती तर थोडं रेझिन उपसून टाकली असती. शिवाय आत अंगठी असलेलं पदक पोरांच्या खेळण्यात टाका, असं कोणता चोर सांगेल? उलट दुसऱ्या एकाला ते हवंच होतं. सगळी निळी पदकं हवी होती, फसलेलंसुद्धा.”

सगळ्यांच्या माना अध्यक्षांकडे वळल्या.

“काहीतरीच,” अध्यक्ष म्हणाले. आवाज अजून मऊच होता. “माझ्याच घरची वस्तू मी कशाला चोरीन?”

“सराफांच्या भिंगाखाली जाऊ नये म्हणून.” वहिनी त्यांच्या पत्नीकडे वळल्या. “बाईसाहेब, घरकामानं हिऱ्यावर चरे पडत नाहीत. काचेवर पडतात.”

 सराफांनी न सांगता भिंग डोळ्याला लावलं, तुकड्यातून अंगठी सोडवली, खडा पुसला आणि पाहिला. मग त्यांनी ती बाईसाहेबांच्या तळहातावर ठेवली. “सोनं खरं आहे. खडा काचेचा.”

“अंगठी तुमच्या बोटातून एकदाच निघाली होती,” वहिनी म्हणाल्या. “तीही परगावी नेली गेली, गावात सराफ असताना. तुम्ही सभेत घोषणा केली आणि साहेबांना टाळ्या वाजवाव्या लागल्या. ते खोलीत शिरले तेव्हा अंगठी खिशात घालायचाच विचार असेल. पण बायकोचा स्वभाव त्यांना माहीत होता, झडती होणार हे ठाऊक होतं. समोर ताजं ओतलेलं निळं दिसलं.”

“धंदा बुडायला आला होता. हिरा विकला,” अध्यक्ष म्हणाले. ते कुणाकडेच पाहत नव्हते. “पुढे परत बसवणार होतो. मग राहून गेलं. तुझ्या बोटात होती, तू खूश होतीस. मला वाटलं, काय फरक पडतो.”

पत्नीनं मूठ मिटली. “खड्याचं आपण घरी बोलू. ही मुलगी?”

“तिला मी पोलिसांत दिलं नाही. मी तर तिला...”

“माफ केलंत,” चिमणी खिडकीजवळून म्हणाली. आवाज चढला नव्हता. “सगळ्या पोरांसमोर केलंत. ते तिथेच परत घ्या.”

कलाताईंनी खाली पाहिलं. मोठ्या बाईंनी जाऊन जेवणघराचं दार उघडलं. मुलं न्याहारीला बसली होती. अध्यक्ष उंबऱ्यावर अडखळले. मग आत गेले आणि जे सांगायचं ते त्यांनी सांगितलं. बारकी पोरं चमचे हातात धरून ऐकत होती. त्यांना निम्मं कळलं नसेल, पण चिमणीताईनं काही घेतलं नव्हतं, एवढं कळलं. एक पोरगी लगेच म्हणाली, “आम्हाला माहीतच होतं,” आणि पुन्हा खायला लागली.

सराफ चिमणीपाशी घुटमळले. “सोमवारी येशील ना?”

“झडती घ्या म्हणून स्वतः पुढे झालात, तेव्हा तुमच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला,” ती म्हणाली. “माझीही झाली होती झडती.”

सराफांनी भिंग खिशात घातलं. ते म्हणाले, “चुकलो.”

“येईन,” चिमणी म्हणाली आणि दालनात मांडणी करायला गेली.

विक्री चांगली झाली. अध्यक्ष सकाळीच निघून गेले होते, त्यांच्या पत्नी गेल्या नाहीत. दिवसभर त्या मण्यांच्या टेबलामागे उभ्या राहून गिऱ्हाइकांना माळा गळ्यात घालून आरसा दाखवत होत्या. अंगठी त्यांनी पुन्हा बोटात घातली नव्हती. सोनं लिलावात दिलं, खडा मात्र काढून स्वतःकडे ठेवला. कशाला, ते कुणी विचारलं नाही.

डॉक्टर करवत पिशवीत गुंडाळत होते. “वहिनी, खरं सांगू? मला शेवटपर्यंत कलाताईच वाटत होत्या.”

“मला ठाऊक आहे, भावोजी.”

संध्याकाळी टेबलं आवरली, दिवे लागले. अध्यक्षांच्या पत्नीनं उरलेल्या माळा डब्यात भरल्या, डब्याचं झाकण लावलं आणि मोठ्या बाईंना बाजूला घेतलं.

“थोडे दिवस इथे एखादी खाट मिळेल का?”

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. 

“सोमवारी एक रिकामी होतेय,” त्या म्हणाल्या. “आज माझ्या खोलीत झोपा.”